३९ किलोमीटरवरून पडण्याचं गणित स्वतः कसं मांडायचं

१४ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेल भागात ऑस्ट्रियन स्कायडायव्हर फेलिक्स बाउमगार्टनर फुग्याखालच्या कुपीतून बाहेर पडला, तेव्हा तो ३८,९६९ मीटर उंचीवर होता. चौतिसाव्या सेकंदाला त्याने ध्वनीचा वेग ओलांडला. पन्नासाव्या सेकंदाला तो ताशी १,३५७.६ किलोमीटर या वेगाने पडत होता. तिथून पुढे, पॅराशूट बंद असतानाच, त्याचा वेग उतरू लागला. हे आकडे बातमीत वाचून सोडून देण्यासारखे नाहीत, ते स्वतः काढता येतात. बारावीपर्यंतचं भौतिकशास्त्र, एक स्प्रेडशीट किंवा चौकटींची वही आणि दोन-तीन तासांचा निवांतपणा एवढं पुरतं.

मी भौतिकशास्त्र शिकवते आणि जमेल तेव्हा उड्याही मारते, पण त्या चार हजार मीटरच्या आतल्या, नेहमीच्या. वर्गात मुक्त पतनाचा धडा घेताना फळ्यावर ‘हवेचा रोध नगण्य मानू’ असं लिहावं लागतं, आणि ते मला दर वेळी खटकतं. विमानाचं दार सोडल्यावर पडणाऱ्याच्या अंगाला जे जे कळतं, ते सगळं त्या ‘नगण्य’ हवेमुळेच कळतं. म्हणून खालच्या मांडणीत हवा हीच मुख्य आहे आणि गुरुत्वाकर्षणाचं काम एका ओळीत संपतं.

आधीच सांगते: इथे फक्त उडी मोजायला शिकायचं आहे. उडी मारायला शिकायची असेल तर प्रशिक्षकाकडेच जायचं.

सुरुवात जमिनीजवळून करा

पडणाऱ्या माणसावर दोन बलं असतात. खाली ओढणारं वजन, म्हणजे वस्तुमान × ग (‘ग’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, जमिनीजवळ ९.८१). वर ढकलणारा हवेचा रोध, म्हणजे ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × रोधगुणांक × समोरचं क्षेत्रफळ. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. त्यामुळे कधी ना कधी रोध वजनाला गाठतोच, आणि तिथे वेग वाढायचा थांबतो. तो अंतिम वेग. पोट खाली, हातपाय पसरलेले, अशा नेहमीच्या स्थितीत तो जमिनीजवळच्या हवेत सेकंदाला सुमारे ५५ मीटर असतो, म्हणजे ताशी जवळजवळ २०० किलोमीटर.

घनता बदलत नाही असं धरलं तर वेगाचं तयार सूत्र मिळतं:

वेग = अंतिम वेग × टॅनएच (ग × वेळ ÷ अंतिम वेग)

टॅनएच (TANH) हे फलन प्रत्येक स्प्रेडशीटमध्ये असतं. ५५ ला ९.८१ ने भागलं की ५.६ सेकंद येतात, आणि हा या पडण्याचा स्वाभाविक कालखंड आहे. एक कालखंड झाला की अंतिम वेगाच्या ७६ टक्के, दोन झाले की ९६ टक्के. दहाव्या सेकंदाला वेग ५२ मीटर भरतो आणि खाली आलेलं अंतर सुमारे ३४५ मीटर. उडी मारणाऱ्यांना हे आकड्यांशिवायही ठाऊक असतं: पहिले दहा-बारा सेकंद वाऱ्याचा आवाज चढत जातो आणि मग एका पट्टीत टिकतो. वर्ग आणि वजाबाकी न करता रोधाचा आलेख पाहायचा असेल तर तो आवाज ऐकावा.

हे सूत्र चार हजार मीटरपर्यंत बऱ्यापैकी चालतं. चाळीस हजारांवर ते कामाचं नाही, कारण वाटेत हवेची घनता जवळजवळ २६० पट वाढते. तिथे तयार सूत्राचा नाद सोडून एकेक सेकंद पुढे सरकायचं. पण त्याआधी एक आकडा हाताशी हवा.

सगळ्या उडीचा एकच आकडा

वजन आणि रोध या दोन्हींना वस्तुमानाने भागून टाका. मग माणसाबद्दलची सगळी माहिती एकाच राशीत जमा होते:

क = वस्तुमान ÷ (रोधगुणांक × क्षेत्रफळ)

एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर. माणूस जड की हलका, सूट फुगीर की घट्ट, अंग पसरलेलं की मिटलेलं, हे सगळं ‘क’मध्ये आलं. आता रोधामुळे येणारी मंदी, म्हणजे दर सेकंदाला होणारी वेगातली घट (पुढे हिलाच ‘रोध’ म्हणते), अशी लिहिता येते:

रोध = घनता × वेग² ÷ (२ × क)

आणि ज्या क्षणी रोध आणि ग सारखे होतात, त्या क्षणाचा वेग माहीत असेल तर ‘क’ उलट काढता येतो:

क = घनता × वेग² ÷ (२ × ग)

या सूत्रात वस्तुमान नाही, ही त्याची खरी गंमत. बाउमगार्टनरचं वजन किती, सूट केवढा, त्याचं क्षेत्रफळ कसं मोजायचं, याची काही गरज पडत नाही. फक्त तो क्षण हवा, आणि तो आपल्याला आयता मिळालेला आहे. कमाल वेग म्हणजे ज्या क्षणी वेग वाढतही नाही आणि घटतही नाही तो क्षण. तिथे रोध आणि वजन समसमान असणारच.

तर मांडा. कमाल वेग ताशी १,३५७.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३७७.१ मीटर. तेव्हा तो २७,८३३ मीटर उंचीवर होता. प्रमाण वातावरणात त्या उंचीवरची घनता घनमीटरला ०.०२५७५ किलोग्रॅम, आणि ग ९.७२. वेगाचा वर्ग १,४२,२०४. त्याला घनतेने गुणलं की ३,६६२. त्याला १९.४४ ने भागलं की १८८.

आता हेच जमिनीजवळच्या साध्या उडीसाठी करा. घनता १.२२५, वेग ५५, वर्ग ३,०२५, गुणाकार ३,७०६, भागिले १९.६२. उत्तर १८९.

हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा पेन्सिल बाजूला ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. एकीकडे दाबयुक्त सूट घालून ध्वनीपेक्षा वेगाने पडणारा माणूस, दुसरीकडे सुटीच्या दिवशी साध्या जंपसूटमध्ये उडी मारणारी कोणीही व्यक्ती, आणि दोघांचा ‘क’ एकच. अर्थात यात थोडा योगायोग आहे. सूट आणि उपकरणांच्या वजनाने ‘क’ वाढतो, तर ध्वनिवेगाच्या आसपास रोधगुणांक वाढल्याने तो घटतो, आणि इथे या दोन गोष्टींनी एकमेकींना बरंच सांभाळून घेतलं आहे. तरी मुख्य गोष्ट पक्की आहे: वर वेगळं असतं ते हवेचं, माणूस तोच. ५५ चे ३७७ घनतेच्या फरकामुळे झाले.

घनतेचा स्तंभ

यासाठी ‘यू.एस. स्टँडर्ड अ‍ॅटमॉस्फिअर, १९७६’ हा प्रमाण तक्ता वापरा. उडीपुरते आकडे हे, सगळे किलोग्रॅम प्रति घनमीटर:

जमिनीला १.२२५
५ किमी: ०.७३६
१० किमी: ०.४१४
१५ किमी: ०.१९५
२० किमी: ०.०८८९
२५ किमी: ०.०४०१
३० किमी: ०.०१८४
३५ किमी: ०.००८४६
४० किमी: ०.००४००

शक्य असेल तर दर दोन किलोमीटरचे आकडे मिळवा, तक्ता जास्त नेमका येईल. मधल्या उंचीची घनता काढताना मात्र सरळ सरासरी घेऊ नका. ३० आणि ४० किलोमीटरच्या घनतांची साधी सरासरी ०.०११२ येते, आणि ३५ ची खरी घनता ०.००८४६ आहे. म्हणजे एक तृतीयांश जास्त रोध उगाच लावून बसाल. घनता उंचीबरोबर भागाकाराने घटते. स्थितांबरात दर साडेचार किलोमीटर वर गेलं की ती निम्मी होते. म्हणून घनतेचा लॉगॅरिदम घ्या, त्याची सरासरी काढा आणि परत उलटा. त्या पद्धतीने ३५ किलोमीटरला ०.००८५८ येतं, म्हणजे दीड टक्क्याच्या आतला फरक.

ग देखील उंचीबरोबर घटतो, पण किरकोळ. ३९ किलोमीटरवर तो ९.६९ असतो. ९.७ धरून सरळ पुढे गेलात तरी बिघडत नाही.

एक स्तंभ ध्वनिवेगासाठी ठेवा. ध्वनीचा वेग = २०.०५ × √(केल्विनमधलं तापमान). यात घनता कुठेच नाही. हवा विरळ म्हणून तिथे ध्वनी मंद, असा समज सर्रास आढळतो. तिथे ध्वनी मंदावतो तो थंडीमुळे. जमिनीवर १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर, २८ किलोमीटरवर उणे ४९ अंशांना ३००.

तक्ता चालवणं

स्तंभ असे: वेळ, उंची, घनता, रोध, वेग, ध्वनिवेग. पहिल्या ओळीत वेळ शून्य, उंची ३८,९६९, वेग शून्य. पुढची प्रत्येक ओळ मागच्या ओळीवरून काढायची (‘पायरी’ म्हणजे दोन ओळींमधला वेळ):

रोध = घनता × वेग² ÷ ३७६ (कारण २ × १८८)
नवा वेग = जुना वेग + (ग − रोध) × पायरी
नवी उंची = जुनी उंची − (जुन्या आणि नव्या वेगाची सरासरी) × पायरी

एक ओळ सोडवून दाखवते. चाळिसावा सेकंद. उंची ३१,५९० मीटर, वेग ३४२.९. घनता ०.०१४४४. वेगाचा वर्ग १,१७,५८०, गुणिले घनता १,६९८, भागिले ३७६, रोध आला ४.५२. ग तिथे ९.७१. म्हणजे या सेकंदात वेग ५.१९ ने वाढेल. एक्केचाळिसाव्या सेकंदाला वेग ३४८.१. सरासरी वेग ३४५.५, म्हणून उंची ३१,२४४. झाली ओळ. गुरुत्वाकर्षण जे देतं त्यातलं जवळजवळ निम्मं हवा परत घेऊ लागली आहे, हे या एका ओळीत दिसतं.

वहीवर करत असाल तर एका सेकंदाची पायरी ठेवा. स्प्रेडशीटमध्ये अर्ध्या किंवा पाव सेकंदाची. पायरी मोठी असली की तक्ता रोधाला थोडा उशिरा ओळखतो आणि कमाल वेग एक-दोन-तीन मीटरने जास्त दाखवतो. पायरी निम्मी करून तक्ता पुन्हा चालवा. उत्तर जेमतेम हललं तर मांडणी बरोबर. पाच-दहा मीटरने हललं तर कुठल्यातरी खान्यात चुकीची ओळ उचलली गेली आहे, आणि बहुतेक वेळा ती घनतेच्या स्तंभातच सापडते.

काय दिसतं

पहिल्या दहा सेकंदांत हवा असल्याचं तक्त्याला कळतही नाही. वेग ९६, आणि निर्वातातही ९७ च आला असता. विसाव्या सेकंदाला १९०, तिसाव्याला २७६. चौतिसाव्या सेकंदाला तक्ता म्हणतो: वेग ३०६, उंची ३३,५४० मीटर. ध्वनिवेगाचा स्तंभ बघा, तिथेही ३०६ च्या आसपासचाच आकडा आहे. बाउमगार्टनरने ध्वनिवेग ओलांडला तो चौतिसाव्याच सेकंदाला, ३३,४४६ मीटरवर. शंभरेक मीटरचा फरक. एका आकड्यावर आणि एका घनतेच्या स्तंभावर चालणाऱ्या तक्त्याला यापेक्षा जास्त काय मागायचं?

पुढे वेग ३४३, मग ३६४, मग एक्कावन्नाव्या सेकंदाच्या सुमारास ३७३ वर टेकतो. खरा आकडा ३७७. हवा नसती तर त्याच वेळी ४८५ च्या पुढे गेला असता.

कमाल वेगाच्या पुढच्या ओळी मात्र घाईने वाचू नका, या उडीचा सगळा रस तिथे आहे. ३९ किलोमीटरवर ‘क’ १८८ असलेल्या माणसाचा अंतिम वेग सेकंदाला ८८५ मीटर भरतो. तो गाठायला वेळच मिळत नाही, कारण तो खाली येतो तसा अंतिम वेगच खाली घसरत असतो. ३० किलोमीटरला ४४५, २० ला २०३. माणसाचा वेग चढतो आहे आणि अंतिम वेग उतरतो आहे. दोघांची गाठ २७.८ किलोमीटरला पडते. त्यानंतर माणूस त्या त्या उंचीच्या अंतिम वेगापेक्षा नेहमीच जास्त वेगात असतो, कारण हवा ज्या गतीने दाट होते त्या गतीने तो मंदावू शकत नाही. म्हणून रोध वजनापेक्षा जास्त भरतो. तक्त्यात तो सत्तराव्या सेकंदाच्या आसपास साडेसोळापर्यंत चढतो, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.७ पट. पडत असतानाच शरीराला स्वतःचं वजन पावणेदोन पट जाणवतं. मग ही तफावत कमी होत जाते. १० किलोमीटरला वेग अंतिम वेगापेक्षा फक्त तीनेक टक्के जास्त राहतो.

आता तक्ता आणि प्रत्यक्ष जिथे वेगळे होतात ती जागा. बाउमगार्टनर चौसष्टाव्या सेकंदाला, २२,९६१ मीटरवर, परत ध्वनिवेगाच्या खाली आला. तिथे ध्वनिवेग २९७. तक्ता त्या सेकंदाला उंची बरोबर सांगतो, पण वेग ३२७ सांगतो. तीस मीटरचा फरक पायरी बारीक करून जात नाही. आपण ‘क’ कायम धरला, आणि खऱ्या माणसाचा ‘क’ कायम नसतो. ध्वनिवेगाच्या अलीकडे-पलीकडे रोधगुणांक बदलतो. शिवाय तो त्या वेळी गिरक्या घेत होता, अंगाची कुठली बाजू समोर येईल याचा नेम नव्हता. एकूण वेळेतही हेच दिसतं. तो ३६,४०३ मीटर पडला, सुमारे २६० सेकंदांत. आपला तक्ता तेवढं अंतर २४० सेकंदांतच उरकतो. खालच्या दाट हवेत ‘क’ १५० च्या आसपास केला की वेळ जुळू लागते. पसरून, स्थिर पडणाऱ्या, फुगलेल्या सूटातल्या माणसाला तो शोभतोही. माझ्या मते तक्ता मांडण्याचं मोल या फरकांत आहे. सगळं जुळलं असतं तर फक्त सूत्र बरोबर आहे एवढंच कळलं असतं.

गिरकी का आवरत नाही

आणखी एक स्तंभ जोडा: वाऱ्याचा दाब = ½ × घनता × वेग². अंगाला जाणवणारा वारा हाच. जमिनीजवळ अंतिम वेगाला तो १,८५० पास्कल भरतो. पाचव्या सेकंदाला बाउमगार्टनरसाठी तो होता पाच-सहा पास्कल. विसाव्या सेकंदाला, सेकंदाला १९० मीटर वेगाने पडत असताना, ११२. म्हणजे ताशी ६८० किलोमीटर वेग आणि हाताच्या तळव्याला जेमतेम झुळूक. उडी मारणारी व्यक्ती स्वतःला सावरते ती वाऱ्यावर हात टेकवून: डावा तळवा थोडा खाली झाला की अंग वळतं, पाय लांब केले की पुढे सरकतं. इथे टेकायलाच काही नाही. दार सोडताना अंगाला जी काही गिरकी मिळाली असेल ती पहिली वीसेक सेकंदं तशीच चालू राहते.

कमाल वेगाला दाब परत १,८३० होतो, जमिनीजवळच्या इतकाच. (अंतिम वेगाला हा दाब नेहमी क × ग एवढाच असतो, उंची कुठलीही असो. तक्ता तपासायला ही उत्तम खूण.) मग तिथे तरी गिरकी आवरायला हवी? दाबाने अंग वळवता येतं हे खरं, पण गिरकीला विरणारा जो रोध असतो तो घनता × वेग या गुणाकारावर ठरतो. दाब तोच आणि वेग सातपट, म्हणजे हा गुणाकार एक सप्तमांश. वळवणारा हात पूर्ण ताकदीचा आणि थांबवणारा हात सातव्या हिश्शाचा, अशी ती अवस्था. म्हणूनच जमिनीजवळ सहज मोडणारी गिरकी तिथे वाढत जाऊ शकते.

ती किती घातक, तेही मोजा. मिनिटाला ६० गिरक्या, डोकं गिरकीच्या मध्यापासून ०.९ मीटरवर. कोनीय वेग ६.२८, त्याचा वर्ग गुणिले ०.९, म्हणजे ३५.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या ३.६ पट, आणि रक्त डोक्याकडे ढकलणारं. गिरक्या दुप्पट झाल्या की हे चौपट. बाउमगार्टनरच्या सामानात एक ड्रोग, म्हणजे स्थिरतेचं छोटं पॅराशूट होतं. ३.५ पट भार सलग सहा सेकंद राहिला तर ते आपोआप सुटणार होतं. ते सुटलं नाही. हवा दाट होत गेली तशी त्याने स्वतःच गिरकी मोडली.

ड्रोग लावून बघा

जोसेफ किटिंजरने १६ ऑगस्ट १९६० रोजी एक्सेल्सिअर ३ या फुग्याखालून, सुमारे ३१,३०० मीटरवरून उडी घेतली ती ड्रोगसह. वेग ताशी ९८८ किलोमीटरपर्यंत गेला, आणि मुख्य पॅराशूट उघडेपर्यंत ४ मिनिटं ३६ सेकंद लागले. वर चढताना त्याच्या उजव्या हातमोज्यातला दाब गेला होता आणि हात सुजला होता. साधारण १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळतं, हे लक्षात घेतलं की त्याने तरीही उडी पुरी केली याचं मोठेपण कळतं. बावन्न वर्षांनी बाउमगार्टनर चढत होता तेव्हा जमिनीवरून रेडिओवर त्याच्याशी बोलत होता तो ८४ वर्षांचा किटिंजरच.

बाउमगार्टनर साडेसात किलोमीटर जास्त उंचावरून पडला आणि तरी त्याला वेळ कमी लागला. ‘क’ने हे लगेच उलगडतं. ड्रोगमुळे क्षेत्रफळ वाढतं, ‘क’ घटतो, प्रत्येक उंचीवरचा अंतिम वेग उतरतो. २४ ऑक्टोबर २०१४ रोजी अ‍ॅलन युस्टेस तर ४१,४१९ मीटरवरून पडला, कुपीसुद्धा नाही, सूटसकट थेट फुग्याला टांगून. अडीच किलोमीटरची आघाडी असूनही त्याचा कमाल वेग ताशी सुमारे १,३२० किलोमीटर, म्हणजे बाउमगार्टनरपेक्षा थोडा कमीच, कारण त्याच्यामागेही ड्रोग होता. तक्त्यात सुरुवातीची उंची ४१,४१९ करा आणि ‘क’ हळूहळू खाली आणत कमाल वेग सेकंदाला ३६७ मीटरवर येईपर्यंत चालवा. तुम्हाला युस्टेसचा ‘क’ मिळेल. सोव्हिएत संघाचा येवगेनी आंद्रेयेव्ह १ नोव्हेंबर १९६२ रोजी २५,४५८ मीटरवरून ड्रोगशिवाय २४,५०० मीटर पडला होता. त्याची ओळही मांडण्यासारखी आहे, कारण तो सुरुवातच गाठीच्या उंचीच्या खालून करतो.

उष्णतेबद्दल थोडक्यात. इतक्या वेगात माणूस जळत का नाही, असं विद्यार्थी हमखास विचारतात. अंगावर येऊन थांबणाऱ्या हवेचं तापमान = बाहेरचं तापमान × (१ + ०.२ × मॅक²), जिथे मॅक = वेग ÷ ध्वनिवेग. २२४ केल्विन आणि मॅक १.२५ घातलं की २९४ केल्विन, म्हणजे २१ अंश सेल्सिअस. बाहेर उणे ४९ आणि शिरस्त्राणाच्या काचेपुढे खोलीतलं तापमान. कक्षेतून परतणारं यान सेकंदाला ७,८०० मीटरने येतं. वेगाचा वर्ग चारशे पटींहून जास्त, म्हणून ते तापतं.

शेवटी पॅराशूट

‘दाब तोच असतो, मग वर कुठेही उघडलं तरी काय?’ असं वाटू शकतं. पण कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं कापडी छत, हवेने भरायला ठरावीक अंतर लागतं, ठरावीक वेळ नाही. ढोबळ मानाने ते अंतर १०० मीटर धरा आणि वेग² ÷ (२ × अंतर) हे सूत्र लावा. जमिनीजवळ ५५ वरून ५ वर येताना सरासरी मंदी १५, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीड पट. १२ किलोमीटरला अंतिम वेग १०८ असतो, आणि तेवढ्याच अंतरात तो मारायचा तर मंदी ५८ च्या घरात जाते, सहा पट. हे सरासरी आकडे आहेत, क्षणिक झटका याहून मोठा असतो. तक्त्यात हाही एक स्तंभ ओढून घ्या आणि ४० किलोमीटरपासून २ किलोमीटरपर्यंत खाली चालवा. पॅराशूट उघडायची उंची कुठे ठेवायची हे त्या स्तंभावरून ठरवता येतं. बाउमगार्टनरने ती समुद्रसपाटीपासून सुमारे २,५६७ मीटरवर ठेवली होती.